अकरा नंबरचा प्रश्न

मंगळवार, १८ डिसेंबर २०१८. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. वेळ नेमकी सांगता येते, कारण त्या मिनिटाला मी उशिरा आलेल्या शिपायाच्या नावापुढे तीच वेळ लिहीत होतो. टेबलावरचा फोन वाजला. जिल्ह्याच्या कार्यालयातील एक तरुण अधिकारी बोलत होते.

“तुमच्या भागात साथ आली आहे का हो?”

“कशाची?”

“स्तनाच्या कर्करोगाची. एकाच तांड्यावर एकोणीस जणींना गाठ दाखवली आहे तुम्ही.”

“कर्करोगाची साथ येत नसते, साहेब.”

“ते मला शिकवू नका. तक्ता वर जायचा आहे. दुपारी एकपर्यंत दुरुस्त करून पाठवा.”

“तपासून?”

“दुरुस्त करून.”

या दोन शब्दांतले अंतर त्यांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. फोन त्यांनी आधी ठेवला.

मी त्या वेळी दारव्हा तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य पर्यवेक्षक होतो. केंद्राचे नाव लिहीत नाही. तेथे आज जे काम करतात त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. माझी बहुतेक नोकरी हिवतापात गेली. दारात उभे राहायचे, ‘ताप येऊन गेला का?’ असे विचारायचे, बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा. हा प्रश्न पुरुषाला विचारता येतो, स्त्रीला विचारता येतो, सासऱ्यासमोर सुनेलाही विचारता येतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र शासनाने माझ्या हाती असा एक प्रश्न दिला, जो मला कोणासमोरच विचारता येत नव्हता.

बाहेरच्या वाचकासाठी कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. गावातली आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची एक प्रश्नावली भरते. तंबाखू खाता का, खोकला किती दिवसांचा, तोंडात पांढरा चट्टा आहे का, असे प्रश्न. त्यात स्त्रियांसाठी एक प्रश्न असतो: स्तनात गाठ आहे का? उत्तर ‘होय’ आले की आरोग्य सेविका, म्हणजे आपली सिस्टर, त्या स्त्रीची हाताने तपासणी करते. बोटांची टोके नव्हेत, पेरे वापरायची; गोल गोल फिरवत काखेपर्यंत जायचे. संशय वाटला तर यवतमाळला पाठवायचे. तेथे सोनोग्राफी, मॅमोग्राफी यंत्रावरची तपासणी, सुईची तपासणी. उत्तर ‘नाही’ आले तरी हाताची तपासणी ठरावीक वर्षांनी व्हायचीच असते. ती कागदावर नियमित होते.

परिपत्रकांत या सर्वाला ‘तपासणीची समान संधी’ असे म्हटलेले असे. मी ते शब्द एका तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहून केंद्राच्या भिंतीवर लावलाही होता. ती संधी कशी वाटली जाई, याची दोन उदाहरणे देतो.

एका वर्षी तपासणीचे यंत्र बसवलेली मोठी गाडी तालुक्याच्या गावी आली. उद्घाटन होते म्हणून ती कार्यालयांच्या समोर उभी केली. पहिल्या दिवशी अधिकाऱ्यांच्या पत्नींची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या पत्नींची झाली. तिसऱ्या दिवशी पुरुषांची रांग लागली, कारण ही रक्तदानाची गाडी आहे असे कोणीतरी सांगितले होते. चौथ्या दिवशी गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली. खेड्यातल्या स्त्रियांना निरोप पोहोचला तो पाचव्या दिवशी.

दुसरे उदाहरण एका शिक्षिकेचे. त्या दरवर्षी नागपूरला जाऊन स्वतःची तपासणी करून घेत. तरीही आमच्या शिबिरांत त्या तीनदा आल्या, कारण बोलावले की त्या येत. आमच्या अहवालात त्या तीन स्त्रिया होत्या. एकदा मी त्यांना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “मग उरलेल्या दोघींना माझ्यातर्फे पेढे द्या.”

शिबिराची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन अशी होती. कापसाच्या वेचणीची वेळही साधारण तीच. वेळ ठरवणाऱ्यांपैकी कोणी कापूस वेचलेला नव्हता.

आता त्या एकोणीस गाठींकडे येतो. फोननंतर मी त्या तांड्याचे काम पाहणाऱ्या आशेला, वनिताला, बोलावले. ती शेजारच्या गावची. तांड्यावरची बंजारा बोली तिला येत नसे. म्हाताऱ्या बायकांशी ती खुणांनी आणि हसून काम भागवी.

“तुम्ही प्रश्न कसा विचारलात?” मी विचारले.

“तुमी सांगतला तसाच सर.”

“म्हणजे कसा?”

“अकरा नंबर.” ती जमिनीकडे पाहत म्हणाली. “म्या म्हटलं, गाठ हाय का? ओट्यावर सासरे बसले रायतेत, काय बोलनार? त्या म्हनल्या, हाय. म्या लिवलं. काल नाईकाची बायको भेटली. मले म्हने, काचळी बांदते त गाठ राहीनच ना बाई, तू कायले इचारत फिरते?”

तांड्यावरच्या वयस्क स्त्रिया अजून काचळी, म्हणजे उघड्या पाठीची चोळी, घालतात. तिला पाठीवर दोऱ्या असतात आणि त्या गाठ मारून बांधतात. वनिताने गाठ विचारली. त्यांनी गाठ सांगितली. कोणीच खोटे बोलले नव्हते.

प्रश्न ‘मी सांगितला तसाच’ विचारला होता, हेही खरे होते. सप्टेंबरात तेवीस आशांना ही प्रश्नावली मी शिकवली. दहाव्या प्रश्नापर्यंत सर्व व्यवस्थित झाले. अकरावा वाचताना मी थांबलो. समोर तेवीस बायका, कोणी सुनेच्या वयाची, कोणी मुलीच्या. मी म्हणालो, “अकरा नंबरचा प्रश्न गाठीचा आहे. तो आपापल्या पद्धतीने विचारावा.” नंतर फळ्यावरही तेवढेच लिहिले: अकरा नंबर. कोणी शंका विचारली नाही. त्या शांततेला मी शिस्त समजलो. मला वाटत असे की ग्रामीण स्त्री लाजते आणि म्हणून हे काम पुढे जात नाही. तसे मी दोन अहवालांत लिहिलेही आहे.

वनिताला परत पाठवले. लाल शाईचे पेन काढले. एकोणीस ठिकाणी ‘होय’ खोडून ‘नाही’ लिहिले आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे लघुस्वाक्षरी केली. बाराला पाच मिनिटे असताना तक्ता वर गेला. मुदतीच्या आत. मला त्याचे समाधान वाटले, हे लपवत नाही.

साडेबाराला खडसे सिस्टर लसीकरण आटोपून आल्या. नोकरीत माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. कागद त्यांनी उभ्यानेच पाहिला.

“हे काय सर? एवढं लाल?”

मी काचळीची हकीगत सांगितली. त्या हसल्या. नंतर हसू थांबले.

“एकोणीसही गाठी काचळीच्याच, हे कोणत्या बोटानं पाह्यलं तुमी?”

मी लाल पेनाला टोपण लावले.

“एकोणीसातली एकजरी खरी असंल, त तिनं आपल्याले सांगतलं आन् आपन तिले गप केलं. तिच्या घरी आता कोनी जानार नाही. कागदावर ती बरी झाली.”

“तुम्ही तपासणीचा दिवस कोणता ठरवता?” मी विचारले.

“आजच. आता बाया वावरात असतीन. पाच वाजता काट्यावर कापूस मोजून घरी येतेत. तवा जाऊ.”

“पाच ही कार्यालयीन वेळ नाही.”

“कॅन्सरले सांगा तसं,” सिस्टर म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

त्या त्यांच्या स्कूटीवर गेल्या, मी माझ्या मोटरसायकलवर. केंद्रापासून तांडा अकरा किलोमीटर. शेवटचे चार कच्चे. तेथून यवतमाळला जायचे तर आधी जीपमध्ये जागा मिळवून दारव्हा, मग बस. एका तपासणीचा अर्थ एक पूर्ण दिवस, एक बुडालेली मजुरी आणि सोबतीला एक माणूस. नागपूरला जाणाऱ्या त्या शिक्षिकेला हे तिन्ही सहज जमत.

तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, रामसिंग. वय सत्तरीपुढचे, दृष्टी अधू, जीभ शाबूत. मला पाहून म्हणाले, “या, मलेरियावाले. माह्या बापाच्या बोटाले सुई टोचली होती तुमी. आता काय बायायच्या मागं लागले?”

मी म्हणालो, “सिस्टरांना एक खोली हवी आहे. आडोसा असलेली.”

“खोलीत कापूस हाय.”

खोलीत खरोखरच कापूस होता. भाव वाढेपर्यंत ठेवलेला, आढ्याला टेकेल इतका. सिस्टरांनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “याच्यापेक्षा चांगला पडदा सरकारनंबी देल्ला नसता.” गंजीच्या मागे त्यांनी चटई अंथरली, एक दिवा लावून घेतला आणि कोऱ्या चहाचा गरम पेला मागितला. तो पिण्यासाठी नव्हता. दर तपासणीआधी त्या दोन्ही तळवे त्या पेल्याभोवती धरून ऊब घेत. थंड हात लागला की स्त्री आक्रसते आणि गाठ बोटाला लागत नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितले. हे कोणत्याही परिपत्रकात नाही.

पाचनंतर बाया येऊ लागल्या. मी बाहेर पुरुषांबरोबर खाटेवर बसलो. आतून आवाज येत होते. सिस्टर म्हाताऱ्यांना ‘याडी’ म्हणत. आई या अर्थाचा तेवढाच शब्द त्यांना त्या बोलीतला येत होता.

“याडी, हात वर करा.”

“चुडा आडवा येते बाई.”

“मंग हळूच. चुड्याले मी हात नाही लावत.”

दंडावर चढवलेला तो चुडा नवरा जिवंत असेपर्यंत उतरवत नाहीत. सिस्टर त्याच्या खालून, वरून, जशी वाट मिळेल तशी काख तपासत होत्या. मध्येच मोठे हसू उठे. एकीने विचारले की काचळीची गाठ सोडली तर सरकार कागदावर काय लिहील. दुसरी म्हणाली, “लिवतीन, एक गाठ बरी झाली.”

बाहेर मी बोंडअळीविषयी बोलत होतो. बोंडअळीविषयी मला फारशी माहिती नाही. तरीही तासभर बोललो. खोलीत काय चालले आहे हे नाईकांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी बोंडअळीकडे वळलो.

सव्वासहाच्या सुमारास सिस्टर बाहेर आल्या. एकोणिसांपैकी सतरा जणी तपासून झाल्या होत्या. दोघी उसाच्या तोडणीसाठी बाहेरच्या जिल्ह्यात गेल्या होत्या. सिस्टरांनी मला बाजूला घेतले.

“सोळा ठीक हायेत.”

“सतरावी?”

“शेवंताबाई आडे. अठ्ठेचाळीस वर्सं. डाव्या बाजूले गाठ हाय, टनक, सरकत नाही. दुखत बी नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “सर, ही काचळी घालतच नाही. हिच्या ब्लाउजले हुक हायेत.”

माझ्या लक्षात आले. या स्त्रीने प्रश्न बरोबर ऐकला होता. अर्धाच विचारलेला प्रश्न तिने मनात पूर्ण केला होता आणि खरे उत्तर दिले होते. एकोणिसांतले त्या प्रश्नाचे हे एकच उत्तर होते, आणि त्यापुढे माझी लघुस्वाक्षरी होती.

“तिला सांगितले?”

“सांगतलं. रडली नाही. म्हने, नवऱ्याले तुमच्या साहेबाले सांगाले लावा, माह्यं तो ऐकत नाही. मी जातो आत, नावं लिवाची हायेत.” सिस्टर आत गेल्या. त्या मुद्दाम गेल्या असे मला वाटते.

तिचा नवरा गणपत आडे खाटेच्या टोकाला बसला होता. सहा-सात पुरुष भोवती.

“पत्नीला यवतमाळला न्यावे लागेल,” मी म्हणालो. “गुरुवारीच.”

“काहून?”

“गाठ आहे.”

“कुठं?”

“त्या ठिकाणी.”

“त्या ठिकानी म्हंजे? पोटात?”

“नाही.”

“मंग, मानेले?”

“नाही.”

सर्व जण माझ्याकडे पाहू लागले. गणपत घाबरला होता. मी नाव घेत नाही म्हणजे काहीतरी फार भयंकर आहे असे त्याला वाटत होते.

“स्तनात,” मी म्हणालो. “डाव्या स्तनात.”

मग नाईक म्हणाले, “एवढंच होतं काय? मंग पाच वाजल्यापासून बोंडअळी काहून करून राह्यले तुमी?”

कोणी लाजले नाही. कोणी उठून गेले नाही. मी तीस वर्षे ज्या लाजेचा आदर करत आलो होतो, ती त्या खाटेवर फक्त माझ्याजवळ होती.

गणपत म्हणाला, “दसऱ्यापासून सांगून राह्यली ती. मी म्हटलं दुखते का? म्हने नाही. नाही दुखत त कायले जाचं?”

“ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणूनच उशीर होतो.”

“वेचनी झाली का नेतो.”

“वेचणी संपायला अजून महिना आहे.”

“कापूस झाडावर हाय साहेब. मी एकटा काय करू?”

नाईकांनी काठी जमिनीवर टेकवली. “तुह्या वावरात परवा माह्या सुना जातीन. तू हिले घेऊन जा. कापूस काय पळून जाते?”

विषय तेथे संपला. कर्करोगाविषयी मी तयार केलेले दहा मिनिटांचे भाषण होते. ते लागले नाही.

शेवंताबाई दारात येऊन उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “मी त हो म्हटलं होतं त्या आशाबाईले. माह्यासमोर तिनं लिवलं. मंग त्या कागदाचं काय झालं?”

“आज दुपारी मी ते खोडले.”

“काहून?”

या प्रश्नाला शासकीय उत्तर होते. मी ते दिले नाही. खिशातून कागद काढून यवतमाळची चिठ्ठी लिहिली.

पुढचे थोडक्यात. गुरुवारी त्या यवतमाळला गेल्या. सुईची तपासणी झाली, मोठ्या गावी शस्त्रक्रिया झाली, औषधांनी केस गेले आणि पुन्हा आले. पुढच्या हंगामात त्या वेचणीला होत्या. मी निवृत्त झाल्यानंतर एकदा दारव्ह्याच्या बाजारात भेटल्या. भाजीच्या दोन दुकानांपलीकडून त्यांनी सर्वांदेखत विचारले, “साहेब, खोडलं त नाही ना मले अजून?” मी ‘नाही’ म्हणालो.

उसाला गेलेल्या दोघींच्या नावापुढे मी ‘होय’ परत लिहिले. त्या बहुधा काचळीच्याच गाठी होत्या. जिल्ह्याहून त्याबद्दल चार वेळा फोन आला. तपासल्याशिवाय खोडणार नाही, असे चारही वेळा सांगितले. उन्हाळ्यात त्या परतल्या, तपासल्या, काही निघाले नाही. संपूर्ण नोकरीत जाणूनबुजून चुकीच्या ठेवलेल्या माझ्या या दोनच नोंदी. मला त्यांचा अभिमान आहे.

खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती मला उशिरा सुचली. तांड्यावरचे चुकीचे ‘होय’ एका फोनने सापडले, कारण ते तक्त्यात टोचत होते. माझ्या बैठकीला तेवीस आशा होत्या. उरलेल्या गावांतही तोच अर्धा प्रश्न विचारला गेला होता आणि तेथे काचळी नव्हती. तेथे सरळ ‘नाही’ आले होते. चुकीच्या ‘नाही’साठी कोणाचा फोन येत नाही. तक्ता सुंदर दिसतो. जानेवारीत सर्व गावांत प्रश्न पुन्हा, पूर्ण विचारायला लावला. चार ‘नाही’ बदलले. चौघींपैकी तिघींचे निभावले. एकीला उशीर झाला होता. सप्टेंबरात विचारले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

त्या मंगळवारी तांड्यावरून केंद्रात परतलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती. शिपाई गेला होता. तक्त्याची प्रत काढली आणि शेवंताबाईंच्या ओळीत लाल रेघेच्या वर ‘होय’ लिहिले. मग बैठकीच्या खोलीतला दिवा लावला. फळ्यावर सप्टेंबरापासून ‘अकरा नंबर’ तसेच होते. आमच्याकडे फळा वरचेवर पुसत नाहीत. ओल्या फडक्याने ते पुसले. फळा वाळेपर्यंत उभा राहिलो. नंतर खडूने, मागच्या बाकावरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, संपूर्ण प्रश्न लिहिला: स्तनात गाठ आहे का? खाली तारीख घातली. हात धुतले, दिवा मालवला आणि दाराला कुलूप लावले.